कामाच्या जागी समता शोधणारे बाबासाहेब

मनमाड जंक्शनवरून फुटलेला एक लोहमार्ग छत्रपती संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू, परभणी अशी मराठवाड्यातली गावे जोडत सिकंदराबादकडे जातो. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास या मार्गावर गाडी धावू लागली. परतूरसारख्या तालुक्याच्या गावाला तिने बाहेरचे जग जवळ आणले. गावगाड्यात ज्याचे काम आणि बसण्याची जागा जन्मानेच ठरलेली होती, त्या माणसाला रेल्वेच्या रूपाने रोख पगार देणारा एक नवा मालक दिसला. हा मालक पाटील नव्हता, देशमुख नव्हता. त्याचा कारभार वेळापत्रकावर आणि नियमांवर चाले. त्याच्या तिकिटावर जात छापलेली नसे. त्याच्या नोकरीत तरी ती कशाला असेल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ती होती, आणि भक्कमपणे होती.

या मार्गाच्या पश्चिम टोकाला, मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. रेल्वेच्या कोणत्या जागेवर दलित माणूस पोचू शकतो, कोणत्या जागेवर पोचू शकत नाही आणि का, याचा हिशेबच त्यांनी त्या दिवशी मांडला. घटनेचे शिल्पकार, महाडच्या सत्याग्रहाचे नेते, धम्मक्रांतीचे प्रवर्तक ही बाबासाहेबांची रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु नोकरी, मजुरी आणि कामाची जागा यांतील विषमतेशी त्यांनी जवळजवळ चार दशके दिलेली झुंज मात्र तुलनेने कमी बोलली जाते. त्यांचे चरित्र या बाजूनेही वाचता येते, आणि तसे वाचल्यास त्याचा एक निराळाच अर्थ उलगडतो.

मसूरचे स्थानक

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. महार समाजातील अनेक कुटुंबांना त्या काळी लष्करानेच अक्षरओळख आणि पगाराची नोकरी दिली होती. मात्र १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. ज्या दाराने एका पिढीने गावगाड्याबाहेर पाऊल टाकले होते, ते दार पुढच्या पिढीसाठी बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्जविनंत्या केल्या, पण त्यांचा उपयोग झाला नाही. बाबासाहेबांच्या बालपणाची ही पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. नोकरीची एक वाट बंद होणे म्हणजे संपूर्ण समाजाचा श्वास कोंडणे, हे त्यांनी घरातच पाहिले होते.

निवृत्तीनंतर रामजींनी सातारा जिल्ह्यातील कोरेगावला नोकरी धरली. १९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दोन भाचे वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर नीटनेटक्या कपड्यांतली ही मुले पाहून स्टेशन मास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. ती महारांची आहेत असे कळताच मात्र त्यांचा चेहरा पालटला. गाडीवानांपैकी कोणी मुलांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडीवान राजी झाला. रात्रभराच्या त्या प्रवासात जवळ शिदोरी असूनही पाणी न मिळाल्याने मुलांना अन्न गिळता आले नाही. गाडीवानाला पैसे हवे होते आणि मुलांकडे ते होते. तरीही सौदा सरळ होऊ शकला नाही. पैशाने आणि बाजाराने जात आपोआप विरघळत नाही, हा धडा दहा वर्षांच्या मुलाला तेव्हा मिळाला.

बडोद्याची कचेरी

एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये बी. ए., त्यानंतर सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती आणि १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन, हा प्रवास सर्वश्रुत आहे. तेथून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार त्यांनी बडोदा संस्थानात नोकरी स्वीकारली.

एवढ्या पदव्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला कचेरीतले शिपाई कागद हातात देत नसत, लांबून टाकत. पिण्याचे पाणी मिळण्याची पंचाईत होती. गावात राहायला जागा मिळेना, म्हणून त्यांनी एका पारशी विश्रामगृहाचा आसरा घेतला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव तेथे आला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. कोणत्याही अधिकृत आदेशाने त्यांची नोकरी गेली नाही. नियमाप्रमाणे ते पदावरच होते. पण पाणी, निवारा आणि सहकाऱ्यांचे साधे सहकार्य यांशिवाय पद टिकत नाही. नेमणुकीचा कागद आणि प्रत्यक्ष काम करण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बडोद्याने त्यांना दाखवून दिले.

मुंबईत येऊन त्यांनी व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागाराची जात कळली तसे ग्राहक ओसरले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करू लागले, परंतु प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. मसूरला गाडी, बडोद्याला कागद, मुंबईत माठ. वस्तू बदलत होत्या, भिंत तीच होती.

कोल्हापूरचा आदर्श

याच सुमारास त्यांचा राजर्षी शाहू महाराजांशी निकटचा संबंध आला. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी जाहीरनामा काढून आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. नोकरीतील समान संधीसाठी राज्यकर्त्याने हुकूम काढावा लागतो आणि तो काढता येतो, याचा हा देशातील अगदी आरंभीचा दाखला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी महाराजांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी त्यांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले. त्यानंतर पुन्हा लंडनला जाऊन बाबासाहेबांनी डी. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या मिळवल्या. १९२३ मध्ये परतल्यावर मात्र त्यांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरवली. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी प्राशन केले. त्याच वर्षी ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून कामकाजात सहभागी होऊ लागले.

धाग्याचा विटाळ

मुंबईच्या कापड गिरण्यांत त्या काळी हजारो दलित कामगार होते. पण गिरणीत सर्व खाती सर्वांना खुली नव्हती. सूतकताईच्या खात्यांत त्यांना प्रवेश असे. तेथे मजुरी कमी होती. विणाईच्या, म्हणजे साच्यांच्या खात्यात मजुरी जास्त होती आणि तेथे दलित कामगाराला मज्जाव होता. त्याचे कारण धोट्यात होते. कांडी बदलताना नवा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, तुटलेला धागा थुंकीने ओला करून जोडावा लागे. तोच धोटा दुसऱ्या कामगाराच्या तोंडाला लागणार. त्यामुळे विटाळ होतो म्हणून सवर्ण कामगार दलितांना साच्यावर उभे राहू देत नसत.

१९२८ मध्ये गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप सुरू झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांची चाके थांबली. साम्यवादी नेत्यांच्या नेतृत्वाखालील युनियनने मागण्यांची यादी केली होती. त्या यादीत दलितांना विणाई खात्यात घेण्याची मागणीही असली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. ती नसेल तर दलित कामगारांना संपापासून दूर राहण्यास सांगू, असेही त्यांनी स्पष्ट केले. नेत्यांनी नाराजीनेच ती मागणी घातली. मालकांसमोर ती आली तेव्हा त्यांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो त्यांनी केलेला नाही.

हे उत्तर वस्तुस्थितीला धरून होते, आणि म्हणूनच ते बोचणारे होते. भिंत कामगारांनीच कामगारांसमोर उभी केली होती. भांडवलदार हा एकच शत्रू मानणाऱ्या चळवळीला ही भिंत दिसत नव्हती किंवा पाहायची नव्हती. त्या संपात विणाईचे दार उघडले नाही. मात्र बाबासाहेबांच्या पुढच्या विचाराची दिशा तेथे पक्की झाली. १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधात त्यांनी जातिव्यवस्थेची चिकित्सा करताना सांगितले की ती केवळ श्रमाची विभागणी करत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते. या सिद्धांतामागे गिरणीतल्या धोट्याचा अनुभव होता.

वतन आणि प्रसूती

त्याच वर्षी, १९२८ मध्ये, विधिमंडळात त्यांनी आणखी दोन प्रश्नांना हात घातला. पहिला महार वतनाचा. १८७४ च्या वतन कायद्यानुसार महारांना गावकीची आणि सरकारची कामे रात्रंदिवस करावी लागत. मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन, थोडे बलुते आणि नाममात्र रक्कम मिळे. कामाचे तास नाहीत, ठरलेला पगार नाही, नाही म्हणण्याची सोय नाही. घरातला पुरुष नसेल तर कुटुंबातल्या इतरांना जुंपले जाई. अनेकांना हे वतन मानाचे वाटे. बाबासाहेबांना ती बेडी वाटली. मार्च १९२८ मध्ये त्यांनी दुरुस्ती विधेयक मांडले, परंतु निवड समितीत त्याचे रूप पार पालटल्याने पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले. हा लढा त्यांनी आयुष्यभर चालू ठेवला. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा, म्हणजे त्यांच्या निधनानंतरचा.

दुसरा प्रश्न कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याचा. जुलै १९२८ मध्ये या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडलेला मुद्दा दूरदृष्टीचा होता. आई होणाऱ्या कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारने उचलायला हवा. पण तिच्या श्रमाचा नफा मालक घेत असल्याने तूर्त मालकानेही तो सोसणे योग्यच आहे, अशी त्यांची भूमिका होती. हा कायदा १९२९ मध्ये संमत झाला.

त्याच काळात अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचेही ते सदस्य होते. या समितीच्या कामासाठी खानदेशात फिरत असताना ऑक्टोबर १९२९ मध्ये ते चाळीसगाव स्थानकावर उतरले. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जाईना. शेवटी वस्तीतल्या एका माणसाने टांगा भाड्याने घेऊन स्वतः हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. मसूरनंतर २८ वर्षांनी, विधिमंडळाचा सदस्य आणि सरकारी समितीचा प्रतिनिधी असूनही, स्थानकाबाहेरचे चित्र बदललेले नव्हते.

मनमाडचा हिशेब

गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, १९३५ ची येवल्याची घोषणा या घटनांनी पुढची काही वर्षे गाजली. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. नावात जात नव्हती, मजूर होता. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाने मुंबई प्रांतात लढवलेल्या बहुतांश जागा जिंकल्या. कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्यासाठी विधेयक मांडून त्यांनी कुणबी आणि महार कुळांना एका मोर्चात आणले.

या पार्श्वभूमीवर १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. हजारो कामगार जमले होते. आपल्या कामगारांचे दोन शत्रू आहेत, एक ब्राह्मण्य आणि दुसरा भांडवलशाही, हा त्यांचा विचार तेथूनच सर्वत्र पोचला. ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, आणि तो सर्वच वर्गांत मुरलेला आहे, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. मात्र या विधानाच्या आगेमागे त्यांनी दिलेला तपशील फारसा कोणी सांगत नाही.

रेल्वेत दलित कामगार प्रामुख्याने गँगमन म्हणून रुळांवर राबतो, असे त्यांनी दाखवले. आयुष्यभर तो गँगमनच राहतो, त्याला बढतीची वाट नाही. त्याला साधे पोर्टरही केले जात नाही. कारण पोर्टर हा स्टेशन मास्तरच्या घरची कामेही करतो, आणि अस्पृश्याला घरात कसे घेणार? कारकुनीसाठी फार मोठी शैक्षणिक अट नाही, मॅट्रिक न झालेलेही त्या जागांवर आहेत. तरीही मॅट्रिक झालेल्या दलित तरुणांना त्या मिळत नाहीत. कारखान्यांत तो हमाल म्हणून शिरतो आणि हमाल म्हणूनच बाहेर पडतो. मेकॅनिकच्या जागेवर तो क्वचित दिसतो, फोरमनच्या जागेवर कधीच नाही.

एखाद्या संस्थेतील भेदभाव कसा ओळखावा, याची ही पद्धत आजही कोणाला शिकता येईल. किती दलित नोकरीत आहेत, हा आकडा पुरेसा नाही. ते कोणत्या पायरीवर आहेत, तेथून वर जाण्याची शिडी आहे का आणि नसेल तर कोणत्या सवयीमुळे नाही, हे पाहावे लागते. पोर्टरची जागा नियमाने कोणालाच बंद नव्हती. ती बंद झाली होती साहेबाच्या घरकामाच्या प्रथेमुळे.

त्याच वर्षी मुंबई सरकारने आणलेल्या औद्योगिक विवाद विधेयकाने संपाच्या हक्कावर बंधने घातली. तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांनी एक दिवसाचा लाक्षणिक संप घडवून आणला. १९२८ मध्ये ज्यांच्याशी त्यांचा खटका उडाला होता, ते साम्यवादी नेते या वेळी त्यांच्यासोबत एका व्यासपीठावर होते. संपाचा हक्क नाकारणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, ही त्यांची यामागची धारणा होती.

निजामाच्या हद्दीत

मनमाडहून परतूरच्या दिशेने निघालेली गाडी थोड्याच अंतरावर निजामाच्या राज्यात शिरत असे. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, तर परतूर तालुका परभणी जिल्ह्यात. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला आणि परतूर त्यात आले. या संस्थानी मुलखात अस्पृश्यतेला संस्थानी राजवटीच्या निर्बंधांची जोड होती. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह देवगिरीचा किल्ला पाहायला आले असता बाबासाहेबांना त्याचा प्रत्यय आला. प्रवेशद्वाराजवळच्या हौदातील पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना शिवीगाळ झाली, आणि किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. अस्पृश्यता ही एका धर्माच्या चौकटीतच राहत नाही, शेजारच्या समाजांतही ती पाझरते, हे त्यांनी या प्रसंगावरून नोंदवून ठेवले.

३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे हैदराबाद संस्थानातील दलितांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली. भाऊसाहेब मोरे यांनी तिच्यासाठी परिश्रम घेतले होते. मराठवाड्यातील दलित चळवळीच्या इतिहासात हे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर बाबासाहेबांनी मराठवाड्यासाठी सर्वांत मोलाचे काम केले ते शिक्षणाचे. १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत त्यांनी जून १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची पायाभरणी झाली. हेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठ नव्हते, ते १९५८ मध्ये आले. खेड्यापाड्यांतून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना येथे वसतिगृहासह शिक्षण मिळाले. मनमाडला ज्या मॅट्रिक झालेल्या तरुणांचा प्रश्न त्यांनी मांडला होता, त्यांना पदवीपर्यंत नेणारी ही व्यवस्था होती.

मजूरमंत्र्यांची चार वर्षे

१९४१ मध्ये त्यांची संरक्षण सल्लागार मंडळावर नियुक्ती झाली. महारांना पुन्हा लष्करात घ्यावे यासाठी त्यांनी जोर लावला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. जे दार त्यांच्या बालपणी बंद झाले होते, ते अर्ध्या शतकानंतर उघडले.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदेला त्यांच्याच काळात कायम स्वरूप आले. सेवायोजन कार्यालयांची उभारणी झाली. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी बी. पी. आडारकर यांची नियुक्ती झाली, आणि त्यांच्या अहवालातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा साकारला. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला.

कोळसा खाणींचा प्रश्न मात्र त्यांची कसोटी पाहणारा ठरला. युद्धकाळात कोळशाची निकड भासल्याने १९४३ मध्ये स्त्रियांना भूमिगत कामावरील बंदी उठवण्यात आली. यावर कठोर टीका झाली. ती अनाठायी नव्हती. विधिमंडळात बाजू मांडताना बाबासाहेबांनी हा उपाय तात्पुरता असल्याचे सांगितले आणि या कामासाठी स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले गेल्याचे निदर्शनास आणले. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या परिसरातील खाणींत स्वतः उतरून त्यांनी कामाची आणि वस्त्यांची पाहणी केली. खाण कामगारांच्या कल्याणासाठी १९४४ मध्ये निधी उभारण्यात आला. युद्ध संपल्यावर, फेब्रुवारी १९४६ मध्ये, भूमिगत कामाची बंदी पुन्हा लागू झाली.

मंत्रिपदावर येताच, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयना सादर केले. त्यात केंद्रीय नोकऱ्यांतील आरक्षण, उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आणि सार्वजनिक बांधकामाची कंत्राटे यांचाही समावेश होता. नोकरीबरोबर कंत्राटाचाही विचार करणारी ही दृष्टी काळाच्या पुढची होती. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के करण्यात आले. तोवर अस्पृश्यांसाठी केंद्रात अशी निश्चित टक्केवारी नव्हती.

घटनेतील कलमे

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. १५ व्या कलमाने भेदभावास मनाई केली, १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधी दिली, १७ व्याने अस्पृश्यता नष्ट केली आणि २३ व्याने वेठबिगारीला बंदी केली. समान कामाला समान वेतन, प्रसूतीकाळातील साहाय्य आणि निर्वाहापुरते वेतन ही तत्त्वे राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक ठरली. या कलमांच्या मागे पाहिले की मसूरची बैलगाडी, बडोद्याची कचेरी, गिरणीतला धोटा, वतनाची वेठ आणि मनमाडचे गँगमन क्रमाने दिसू लागतात.

१६ व्या कलमावरील चर्चेत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी समतोल राखणारी मांडणी केली. सर्वांना समान संधी हे तत्त्व आहे. पण ज्या समाजांना आजवर प्रशासनाबाहेर ठेवले गेले त्यांना प्रवेश मिळाल्याशिवाय त्या तत्त्वाला अर्थ नाही. आणि आरक्षण इतकेही विस्तारू नये की मूळ तत्त्वच गिळले जावे. मागास या शब्दाची मर्यादा त्यासाठीच घातल्याचे त्यांनी सांगितले. आरक्षणाच्या आजच्या वादातील दोन्ही बाजूंना हे विवेचन मुळातून वाचण्याजोगे आहे.

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू संहिता विधेयकासाठी जिवाचे रान केले. ते रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. अनुसूचित जातींच्या हिताकडे सरकारचे दुर्लक्ष होत आहे, हेही त्यांनी राजीनाम्याच्या कारणांत नमूद केले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

अपुरे राहिलेले काम

बाबासाहेबांचे सर्वच प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. विणाई खात्याचे दार १९२८ च्या संपाने उघडले नाही, वतनाचे विधेयक मागे घ्यावे लागले, कामगार संघटनांना सक्तीने मान्यता देण्याचा त्यांचा प्रस्ताव त्यांच्या कारकिर्दीत कायद्यात उतरला नाही. १६ वे कलम सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी कंपन्यांतील भरती त्याच्या कक्षेत येत नाही. मैला वाहण्याची प्रथा थांबवण्यासाठी १९९३ मध्ये कायदा झाला, तो अपुरा ठरला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला, आणि त्यानंतरही गटारांत उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. जन्माने काम ठरवणारी व्यवस्था सर्वांत घाणेरड्या आणि सर्वांत धोक्याच्या कामाला सर्वांत चिवटपणे चिकटून राहिली आहे.

कारखाना असो, बँक असो वा संगणक कंपनी, समतेची परीक्षा नेमणुकीच्या पत्राने पूर्ण होत नाही, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवातून जाणले आणि नंतर कायद्याच्या भाषेत मांडले. रुळांवर राबणारा गँगमन फोरमन का होत नाही, असे त्यांनी १९३८ मध्ये मनमाडला विचारले होते. आपापल्या कचेरीत सफाई कोण करतो, कंत्राटावर कोण आहे, वरच्या मजल्यावर कोण बसतो आणि खालचा वर का पोचत नाही, असे विचारणे म्हणजे तोच प्रश्न पुढे नेणे आहे. जयंतीच्या हारांपेक्षा त्याचे प्रामाणिक उत्तर शोधणे अवघड आहे, पण त्यांच्या स्मृतीशी अधिक सुसंगत आहे.